मेंदूची गंभीर इजा आणि रक्ततपासणीचे संकेत

नांदेड-नागपूर मार्गावर हदगाव परिसरात अपघात झाला, की डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाला प्रथमोपचारानंतर बहुधा नांदेडला हलविले जाते. रुग्ण बेशुद्ध, नातेवाईक अतिदक्षता विभागाच्या दाराशी आणि साऱ्यांच्या ओठी एकच प्रश्न, 'वाचेल ना?' याचे निश्चित उत्तर कोणत्याही एका तपासणीत नाही. मात्र दाखल होताच घेतल्या जाणाऱ्या नेहमीच्या रक्तचाचण्या त्याविषयी बरेच काही सांगतात.

आधी शुद्ध, मग रक्त

इजेची तीव्रता मोजण्यासाठी १९७४ मध्ये ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 'ग्लासगो कोमा स्केल' ही पद्धत मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून ३ ते १५ गुण दिले जातात. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इम्पॅक्ट' या अंदाजपद्धतीत साडेआठ हजारांवर रुग्णांच्या नोंदी अभ्यासण्यात आल्या. वय, हालचालीचे गुण आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा प्रकाशाला प्रतिसाद हा तिचा पाया आहे. त्यावर रक्तदाब, प्राणवायू आणि सीटी स्कॅनची माहिती आणि शेवटी रक्तातील साखर व हिमोग्लोबिन यांची भर घातली जाते. त्यावरून सहा महिन्यांनंतरच्या स्थितीचा अंदाज बांधला जातो.

चाचण्या काय सांगतात?

साखर : मोठ्या आघातानंतर शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात. त्यामुळे मधुमेह नसलेल्या रुग्णाचीही साखर चढते. ती जितकी अधिक, तितका धोका अधिक असल्याचे आढळते.

हिमोग्लोबिन : ते कमी असल्यास मेंदूला मिळणारा प्राणवायू घटतो. शरीरात अन्यत्र रक्तस्राव सुरू असल्याचीही ती खूण असू शकते.

रक्त गोठण्याची क्षमता : जखमी मेंदूतून रक्तात मिसळणाऱ्या द्रव्यांमुळे गोठण्याची क्रिया बिघडते. प्रोथ्रोम्बिन टाइम लांबलेला किंवा प्लेटलेट घटलेल्या असतील, तर मेंदूतील रक्तस्राव वाढण्याची भीती असते.

सोडियम : पाणी व क्षार यांचे मेंदूकडून होणारे नियंत्रण बिघडले, की सोडियम घसरते किंवा चढते. ते घसरल्यास मेंदूची सूज वाढू शकते.

या चाचण्या स्वस्त आहेत आणि साध्या प्रयोगशाळेतही होतात. ग्रामीण भागाच्या दृष्टीने हेच त्यांचे मोल आहे.

अंदाज म्हणजे निकाल नव्हे

एकाच आकड्यावर विसंबणे मात्र धोक्याचे ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. त्यामुळे एखाद्या महिलेचे कमी हिमोग्लोबिन अपघातापूर्वीचेही असू शकते. मधुमेही रुग्णाच्या साखरेबाबतही हेच म्हणता येईल.

शिवाय आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारेलच, असेही नाही. रक्त देऊन हिमोग्लोबिन वरच्या पातळीवर ठेवल्याने लाभ होतो का, हे 'हेमोशन' या २०२४ च्या चाचणीत तपासले गेले. सहा महिन्यांनंतरच्या वाईट परिणामांत त्यामुळे लक्षणीय घट झाली नाही.

सर्वांत मोठा प्रश्न उपचार थांबविण्याचा. 'आशा नाही' असे समजून उपचार आवरते घेतले, तर मृत्यू ओढवतो आणि अंदाज खरा ठरल्यासारखा भासतो. म्हणूनच पहिल्या ७२ तासांत केवळ अंदाजाच्या आधारे उपचार थांबवू नयेत, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. शिवाय 'शंभरात साठ' हा आकडा तशा शंभर रुग्णांचा असतो; समोरचा रुग्ण साठांत की चाळिसांत, हे तो सांगत नाही.

नातेवाइकांनी काय करावे?

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. पहिल्या रुग्णालयातील रक्ताचे अहवाल आणि नमुना घेतल्याची वेळ सोबत न्यावी. रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेह, जुना रक्तक्षय यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. पहिला आणि नंतरचा अहवाल ताडून पाहता आला, तर रुग्ण कोणत्या दिशेने चालला आहे हे अधिक स्पष्ट होते.