जाणं आणि होणं

‘शादीशुदा’ हा शब्द हिंदी चित्रपटांनी आपल्या घरात आणून सोडला. त्यातला ‘शुदा’ आला आहे ‘शुदन’ या फारसी क्रियापदातून. आजच्या फारसीत शुदन म्हणजे ‘होणं’. पण त्याचा जुना अर्थ ‘जाणं’ असा होता. इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेत तो आढळतो आणि ये-जा या अर्थाच्या ‘आमद-ओ-शुद’ या जोडशब्दात आजही टिकून आहे. बाराव्या-तेराव्या शतकांतल्या फारसी कवींपाशी तर दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. सूफींना याहून मोलाचा शब्द कुठला मिळणार?

सूफी साधकाला ‘सालिक’ म्हणतात, म्हणजे वाटसरू. पण त्याची वाट नकाशावर सापडत नाही. निशापूरच्या फरीदुद्दीन अत्तार यांच्या ‘मन्तिक-उत-तैर’ या बाराव्या शतकातल्या काव्यात हुदहुद पक्ष्याच्या मागून असंख्य पाखरं आपल्या राजाच्या, सीमुर्गाच्या शोधात निघतात. सात दऱ्या ओलांडून पोहोचतात ती फक्त तीस. फारसीत ‘सी’ म्हणजे तीस आणि ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. तिथे त्यांना कळतं, सीमुर्ग आपणच आहोत. ज्याच्याकडे जायला निघाली, तेच ती झाली.

जलालुद्दीन रूमी (१२०७-१२७३) लहानपणीच घरच्यांबरोबर मध्य आशिया सोडून निघाले आणि अखेर आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्या शहरी स्थिरावले. एवढी पायपीट केलेला हा कवी ‘मस्नवी’च्या तिसऱ्या दफ्तरात मात्र वेगळाच प्रवास सांगतो. खनिज, वनस्पती, प्राणी, माणूस अशा त्या पायऱ्या. एकेक अवस्था मरते, तेव्हा पुढची मिळते. वनस्पती होताना आणि माणूस होताना तिथे क्रियापद येतं ‘शुदम’, म्हणजे ‘झालो’. पाऊल जागचं हलत नाही, तरी मजल केवढी मोठी!

मराठीत कविता लिहिणाऱ्या मला आणखी एका गोष्टीचं नवल वाटतं. ‘सांगितलं जातं’ असं आपण म्हणतो, तेव्हा कुणीच कुठे जात नसतं. सांगणारा तेवढा पडद्याआड होतो. फारसीतही कर्मणी प्रयोग शुदननेच होतो. ‘गुफ्ता शुद’ म्हणजे सांगितलं गेलं. हे व्याकरण काही सूफींनी घडवलं नाही, ते लोकांच्या रोजच्या बोलण्यातून आलं. पण ‘फना’, म्हणजे मीपण विरून जाणं, ही ज्यांची शेवटची दरी, त्यांच्या हाती कर्त्याला बाजूला सारणारं क्रियापद आयतंच आलं.

अशी ओळ मराठीत आणताना खरी पंचाईत होते. ‘गेलो’ लिहावं की ‘झालो’? एक घेतलं की दुसरं निसटतं. तरी आपली भाषाही अगदीच रिकाम्या हाताची नाही. थोर माणसांबद्दल आपण म्हणतो, ते ‘होऊन गेले’. रूमी होऊन गेले, असं म्हणताना ही दोन्ही क्रियापदं शेजारी येऊन बसतात, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही.