दगड सापडला, पण कुठं? जुन्नर-आंबेगावातल्या घडीव दगडांची ओळख आणि नोंद

मागच्या व्याख्यानानंतर नारायणगावकडचे एक गृहस्थ खताच्या गोणीत गुंडाळलेला दगड घेऊन आमच्यापुढे आले. "सर, हा विहिरीच्या कामात निघाला. पोकलेनवाला टाकून देत होता, मी उचलून ठेवला. जुना आहे का?" आम्ही दगड हातात घेतला, फिरवून पाहिला आणि त्यांनाच विचारलं, "विहीर तेव्हा किती खोल गेली होती? कुठल्या थरातून आला हा?" ते म्हणाले, "ते काय बघितलं नाही बुवा." दगड आमच्या मते हातकुऱ्हाड होता. पण त्या एका उत्तरानं त्याची निम्मी किंमत गेली. बाजारातली नव्हे, इतिहासातली. आज ह्या गेलेल्या निम्म्या किमतीबद्दलच बोलायचं आहे.

उदाहरण जुन्नर तालुक्यातलंच घेऊ. कुकडीच्या काठी बोरी गाव आहे. तिथं नदीनं कापलेल्या दरडीत पांढुरक्या राखेचा थर दिसतो. ही चुलीतली राख नव्हे, ज्वालामुखीची. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेचे बारीक कण दिसतात. संशोधकांनी ह्या थराची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा साहजिकच प्रश्न पडला की ही आली कुठून? आपला सह्याद्री लाव्ह्याचाच खरा, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला. राखेची रासायनिक घडण तपासल्यावर अभ्यासकांचं बोट सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीकडे गेलं. म्हणजे हजारो किलोमीटर हवेतून येऊन ही राख कुकडीच्या खोऱ्यात उतरली.

आणि ह्याच ठिकाणी नदीच्या गाळात आणि गोट्यांच्या थरात दगडी हत्यारं मिळाली, अशूलियन पद्धतीची, म्हणजे हातकुऱ्हाडींच्या परंपरेतली. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथं काम केलं. राखेचं वय काढता येतं, म्हणजे हत्यारांचंही काढता येईल, अशी आशा होती. मग काय झालं? एका पद्धतीनं राखेचं वय सुमारे १४ लाख वर्षं आलं. पुढं १९९५ साली दुसऱ्या पद्धतीनं ते सुमारे ६ लाख ७० हजार आलं. त्याच सुमाराला रसायनाच्या आधारे काहींनी मांडलं की ही टोबाच्या शेवटच्या मोठ्या स्फोटाची, म्हणजे साधारण ७५ हजार वर्षांपूर्वीची राख आहे. १४ लाख आणि पाऊण लाख! एवढ्या फरकात माणसाची जात बदलते. पहिला आकडा धरला तर हत्यार करणारा आपला दूरचा पूर्वज ठरतो, दुसरा धरला तर कदाचित आपल्यासारखाच माणूस.

हा वाद नुसतं हत्यार पाहून सुटत नाही. हत्यार राखेच्या खालचं की वरचं? राख पडली तिथंच राहिली, की पाण्यानं वाहून दुसरीकडे साचली? सगळं ह्यावर अडतं. हातभर वर किंवा हातभर खाली, एवढ्यावर लाखो वर्षांचा निकाल. म्हणून आम्ही त्या गृहस्थांना आधी खोली विचारली.

आता ओळखायचं कसं? आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली, दगडांकडे आम्ही न्यायशास्त्राच्या वाटेनं आलो. (आमचे पुरातत्त्वातले मित्र ह्यावर अजून हसतात. हसू देत.) धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान आपल्याला ठाऊक आहे. तसंच, दगडाला धार आहे म्हणजे तो माणसानं घडवला, असं म्हणता येईल का? नाही. न्यायाच्या भाषेत हा हेतू सव्यभिचार झाला, कारण माणूस नसतानाही धार येऊ शकते. पुरात गोटे एकमेकांवर आपटतात, कपचे उडतात. नांगराचा फाळ लागतो, पोकलेनचा दात लागतो. गोल दगडाचंही तेच. आपला काळा पाषाण झिजतो तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि आत गोल गरगरीत गाभा उरतो. शिवनेरीच्या परिसरातला असा गोळा कुणी "तोफगोळा" म्हणून आणला, तर आधी त्यावर छिन्नीचे घाव शोधावेत. घाव नसतील तर तो पावसापाण्यानंच घडवला.

मग व्यभिचार नसलेली खूण कुठली? एकच खूण पुरत नाही, खुणांची संगत लागते. घाव बसला त्या टोकाखाली छिलक्यावर हलका फुगवटा येतो, गाभ्यावर त्याचा खोलगट ठसा राहतो. असा एखादा ठसा नदीही उमटवते. पण एकामागून एक ठसे कडेकडेनं, दोन्ही अंगांनी, जणू एका आकाराकडे चाललेले दिसले, की नदीचं नाव घेता येत नाही. त्यातही रंग पाहावा. काळ्या पाषाणाचा ताजा कपचा आतून काळाभोर असतो, जुन्या घावांवर राखाडी-तपकिरी साय धरलेली असते. सगळे ठसे सायीचे आणि एकच काळा असेल, तर तो एक पोकलेनचा. मात्र आपला दगड फार झिजतो, फुगवटे पुसट होतात. तेव्हा "सांगता येत नाही" हेही उत्तर असतं, आणि आम्ही ते बरेचदा देतो.

आंबेगावकडे वळलं की दगडांचं रूप पालटतं. घोड नदीच्या काठी चांडोलीला डेक्कन कॉलेजनं १९६०च्या सुमारास उत्खनन केलं, देव आणि अन्सारी ह्यांचा अहवाल १९६५ साली निघाला. ही वस्ती ताम्रपाषाणयुगातली, साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची. ह्याच नदीच्या खालच्या अंगाला शिरूर तालुक्यात इनामगाव. ह्या लोकांकडे तांबं होतं, पण थोडं. रोजच्या कापाकापीला कॅल्सेडोनीची, म्हणजे गारगोटीसारख्या दगडाची, बोटाच्या पेराएवढी पातळ पाती, आणि लाकडाला घासून गुळगुळीत केलेली दगडी कुऱ्हाड. आपल्याकडे काळी आणि पांढरी असा शब्दजोड आहे. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे गावठाणाची. जुन्या वस्तीची राखट माती खतासाठी शेतात नेऊन टाकायची रीत आहे, आणि त्या मातीबरोबर पाती, मणी, खापरंही जातात. म्हणून काळ्या रानात सापडलेलं पातं कदाचित तिथलं नसतंच. शेतकऱ्याला नुसतं एवढंच विचारावं, "ह्या वावरात माती कुठून आणून टाकली होती का?"

ही खोली नि थर सांगायची सवय काही फक्त प्राध्यापकांची नव्हे. इंग्लंडात होक्सन नावाच्या गावी विटांसाठी माती काढणाऱ्या मजुरांना गारेची हत्यारं सापडत. ते ती टोपल्यांनी शेजारच्या रस्त्याच्या खड्ड्यांत भरत. १७९७ साली जॉन फ्रियर नावाच्या गृहस्थानं त्याबद्दल पत्र लिहिलं, आणि त्यात सुमारे बारा फूट खोली आणि वरचे थर क्रमानं नोंदले. साठ वर्षं कुणी लक्ष दिलं नाही. १८५९ साली अभ्यासक पुन्हा तिथं गेले, तेव्हा ती नोंद उपयोगी पडली.

तेव्हा नोंद कशी करावी, ते सांगतो. दगड जिथं आहे तिथंच आधी फोटो, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून. नाणं २७ मिलिमीटरचं, ते बदलत नाही, हाताचा पंजा माणसागणिक बदलतो. मग दगडाचा जवळून फोटो आणि खड्ड्याच्या भिंतीचा लांबून. मोबाइलमधलं ठिकाण, सातबाऱ्यावरचा गट क्रमांक, विहीर असेल तर किती परसावर, माती काळी, पिवळी की गोट्यांची. तारेच्या घासणीनं घासायचं नाही, तेल लावून चकचकीत तर मुळीच करायचं नाही. आणि चिठ्ठी दगडाबरोबरच, वेगळ्या वहीत नव्हे. हे आम्ही अनुभवानं सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी एका आजोबांनी आम्हाला एक सुरेख हातकुऱ्हाड दिली. आम्ही जागा वहीत टिपली आणि वही घर बदलताना हरवली. दगड अजून आमच्या कपाटात आहे. त्यावर आमच्या अक्षरात "कुकडी" एवढंच लिहिलंय, आणि कुकडी केवढी लांब आहे!

देवळाशी असलेल्या दगडांचं थोडं निराळं. वीरगळ पुष्कळ ठिकाणी पायरीला किंवा धुण्याला लागलेले असतात. खाली लढाई, वर पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य, एवढं दिसलं की ओळख पटते. शेंदूर असेल तर तो खरवडायचा नाही. फोटो घ्यावा, गावाला विचारावं, तिथून हलवू नये.

लोक सांगत का नाहीत, ह्याचं कारण आम्हाला ठाऊक आहे. "सरकार जमीन घेईल" ही भीती. आम्ही एका बांधावर ऐकलं की सापडलेलं रातोरात नदीत टाकलं. तर कायदा असा : जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, हे १८७८पासून आहे. १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पण एक हातकुऱ्हाड निघाली म्हणून रान सरकारजमा होत नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित करायची तर १९५८च्या कायद्याप्रमाणे आधी जाहीर सूचना निघते आणि हरकतींना दोन महिने मिळतात. हे गावात सांगा, तलाठ्यालाही सांगा.

त्या गोणीवाल्या गृहस्थांचा परवा फोन आला. त्यांनी पोकलेनवाल्याला गाठलं होतं. त्याला आठवलं, की तो दगड तीन परसाच्या खाली, गोट्यांच्या पट्ट्यातून आला, आणि तो पट्टा विहिरीच्या उत्तरेच्या भिंतीत अजून उघडा आहे. पुढच्या आठवड्यात रिंगचं काम लागणार, म्हणजे तो झाकला जाईल. आम्ही शनिवारी पहाटे निघतोय. टेप आमच्याकडे आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी एवढंच करा, विहिरीत उतरताना मालकाचं ऐका.