फार्न बेटाचा शेजारधर्म

संतांची चरित्रे वाचताना आपले लक्ष बहुधा त्यांनी माणसांसाठी केलेल्या चमत्कारांकडे जाते. पशुपक्ष्यांशी त्यांचा जो व्यवहार झाला, तो बालगोपाळांच्या गोष्टींत जमा होतो. परंतु इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर, उत्तर समुद्रातील ‘इनर फार्न’ या बेटाचा इतिहास पाहिला, की हा व्यवहारही त्यांच्या साधनेचाच भाग होता, हे ध्यानात येते.

बेट जेमतेम 16 एकरांचे. काळा कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर. लिंडिसफार्न मठातील व्रतस्थ कथबर्ट 676 साली एकांतवासासाठी येथे आले. त्यांनी गोलाकार निवारा बांधला. त्याची भिंत एवढी उंच ठेवली, की आतून केवळ आकाश दिसावे. संत बीड यांनी सुमारे 721 साली लिहिलेल्या चरित्रात हा तपशील येतो. आपल्या अन्नाचा भार इतरांवर पडू नये म्हणून कथबर्टांनी गहू पेरला. तो उगवला नाही. हंगाम टळल्यावर सातू पेरला. तो तरारून आला. मग त्यावर पाखरे उतरली. संतांनी त्यांच्यावर दगड उचलला नाही. देवाची अनुज्ञा असेल तर खा, नसेल तर निघून जा, एवढेच त्यांनी सांगितले आणि पाखरे उडून गेली. पाहुण्यांच्या झोपडीचे छप्पर उसकटणाऱ्या डोमकावळ्यांनाही त्यांनी दटावले. ती जोडी क्षमा मागत परतली आणि येताना भेट म्हणून डुकराची चरबी घेऊन आली. आल्यागेल्या बंधूंना ती पादत्राणांना चोळण्यासाठी उपयोगी पडली!

या कथांच्या ओघात बीड एक मार्मिक विचार मांडतात. जो निर्मात्याची मनोभावे सेवा करतो, त्याचे सृष्टीने ऐकावे यात नवल ते काय? आपण ती सेवा टाळतो, म्हणूनच सृष्टीवरचा आपला अधिकार गमावून बसतो. अधिकार आहे, पण तो सेवकाचा आहे, हेच त्याचे सार.

684 साली राजा एक्गफ्रिथ स्वतः बेटावर आला आणि कथबर्टांना बिशपपद स्वीकारावे लागले. 686 च्या नाताळानंतर मात्र ते बेटावर परतले आणि 20 मार्च 687 रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

बेटावरील आयडर बदकांना तेथील लोक ‘कथबर्टची बदके’ म्हणतात, आणि कथबर्टांनी त्यांच्या रक्षणासाठी जगातील पहिला पक्षीकायदा केला, असेही अनेकदा छापले जाते. बीड यांच्या ग्रंथात अशा कायद्याचा उल्लेख नाही. बदकांच्या कथा लिहिल्या गेल्या त्या बाराव्या शतकात. पण यामुळे संतांचे मोठेपण उणावते असे आम्हांस वाटत नाही. कायदा एकाने करून भागत नाही. तो पिढ्यान् पिढ्या पाळावा लागतो. त्याच बाराव्या शतकात येथे चाळीसहून अधिक वर्षे राहिलेल्या तपस्वी बार्थोलोम्यू यांची कथा पाहा. पिल्लू कातळाच्या फटीत पडले, तेव्हा बदकीण त्यांच्या वस्त्राचा पदर ओढू लागली आणि त्यांनी ते बाहेर काढून दिले. शेजारधर्म असा चालत आला.

आठव्या हेन्रीच्या काळात मठ बरखास्त झाले आणि बेटावरील साधूंची परंपरा तुटली. पुढे 1861 साली डरहॅमचे आर्चडीकन चार्ल्स थॉर्प यांनी ही बेटे विकत घेतली. पडीक प्रार्थनामंदिराचा जीर्णोद्धार त्यांच्याच पुढाकाराने आधी झाला होता. समुद्रपक्ष्यांसाठी राखणदारही त्यांनी नेमले. 1925 पासून ही बेटे नॅशनल ट्रस्टकडे आहेत.

आज येथे वसंतात आर्क्टिक सुरय येतात. 1982 साली येथे कडी घातलेले सुरयाचे पिल्लू त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळ आढळले होते! पफिन मातीत बिळे करून अंडी घालतात. हिवाळ्याच्या तोंडी करड्या सीलची पिल्ले जन्मतात. आयडरची मादी आपल्याच छातीची पिसे उपटून घरटे मऊ करते आणि सुमारे पंचवीस दिवस जवळजवळ उपाशी राहून अंडी उबवते.

2022 साली बर्ड फ्लूने येथे हजारो पक्षी मेले. बेटे पर्यटकांना बंद करावी लागली आणि राखणदारांवर मृत पक्षी गोळा करण्याची वेळ आली. ज्या भूमीवर संतांच्या शब्दाने पाखरे हलत, तेथे माणूस हतबल उभा होता. इनर फार्न 2024 साली पुन्हा खुले झाले. त्या वर्षीच्या गणतीत या द्वीपसमूहावर पफिनच्या सुमारे 50,000 जोड्या आढळल्या, ही दिलासा देणारी गोष्ट.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात बजावले, की पृथ्वीवरील मानवाचा अधिकार म्हणजे तिला ओरबाडण्याचा परवाना नव्हे. बीड यांचा विचार याहून फारसा वेगळा नाही. तेराशे वर्षांच्या या इतिहासात पक्ष्यांचे रक्षण चमत्कारांपेक्षा माणसांच्या नेमधर्माने अधिक झाले. आणि जेथे तो नेम मोडला, तेथे तो पुन्हा नव्याने धरावा लागला. आजही त्या छोट्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीलगत आयडर बदकीण निःशंकपणे अंडी घालते. तिचा हा विश्वास राखणे, हेच कथबर्टांचे खरे स्मारक होय.