प्रतिरक्षाजन्य बिंबाणुन्यूनता (आयटीपी)

रक्तातील बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट, दर मायक्रोलिटरमागे एक लाखाच्या खाली जातात आणि अन्य कारण सापडत नाही, तेव्हा हे निदान होते. निरोगी माणसात ही संख्या साधारण दीड ते साडेचार लाख असते. १९५० मध्ये सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन यांनी अशा रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट कोसळल्या. (आज कोणतीही नीतिसमिती या धाडसाला परवानगी देणार नाही.) प्लेटलेटचा नाश करणारा घटक रक्तातच असल्याचे त्यातून दिसले. हा घटक म्हणजे प्रतिपिंडे. ती चिकटलेल्या प्लेटलेट मुख्यतः प्लीहेत नष्ट होतात, अस्थिमज्जेतील निर्मितीही अपुरी पडते. ल्यूपस, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी यांमुळेही असेच घडू शकते, म्हणून त्यांचा शोध आधी घ्यावा लागतो.

उपचार ठरवताना आकड्यापेक्षा रक्तस्रावाला अधिक वजन द्यायला हवे. रक्तस्राव नसलेल्या प्रौढाची संख्या ३०,००० च्या वर असल्यास बहुधा केवळ देखरेख पुरते. मेंदूत रक्तस्राव झाला तर काय, हा आक्षेप निराधार नाही. मात्र तो विरळ असून प्रामुख्याने संख्या फारच खालावल्यावर संभवतो, तर उपचार म्हणून दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने मधुमेह, हाडांची झीज व जंतुसंसर्ग यांचा धोका वाढतो. डेंग्यूच्या साथींनी महाराष्ट्रात प्लेटलेटची धास्ती घरोघरी पोचवली. पण डेंग्यूतील घट काही दिवसांत भरून निघते, आयटीपी मात्र प्रौढांत वर्षानुवर्षे टिकू शकतो. बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही लवकर नष्ट होत असल्याने त्या गंभीर रक्तस्रावासाठी राखून ठेवतात. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावे. अचानक तीव्र डोकेदुखी झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.