एका वर्षासाठी, त्याच अटींवर

अमेरिकेत नोव्हेंबर उजाडला की बेसबॉलचा खेळ थांबतो आणि बेसबॉलची चर्चा रंगात येते. पूर्वी गावातल्या दुकानात शेगडीभोवती बसून लोक पुढच्या हंगामाचे अंदाज बांधीत. त्यावरून या हिवाळी गप्पांना ‘हॉट स्टोव्ह लीग’ हे नाव पडले, ते अजून टिकून आहे. मात्र गप्पांचा विषय पुष्कळ बदलला. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेइ ओतानी याने लॉस एंजेलिस डॉजर्सशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरांचा करार केला; पुढच्याच डिसेंबरात हुआन सोतो याने न्यूयॉर्क मेट्सकडून पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर मान्य करून घेतले. असे आकडे वाचले की सुशिक्षित माणूस पैशाने खेळ नासल्याबद्दल हळहळतो. आम्हीही कधीकाळी हळहळलो आहोत. पण या आकड्यांच्या तळाशी एक वाक्य आहे, आणि ते वाक्य कसे वाचावे यावर जवळजवळ शंभर वर्षे झालेला झगडा आहे, हे कळल्यापासून आमची हळहळ कमी झाली आणि कुतूहल वाढले. वाक्ये वाचण्याचा धंदा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा झगडा समजून घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेख.

नॅशनल लीगची स्थापना १८७६ सालची. पगार वाढत चालले आणि चांगले खेळाडू जास्त पैसे देणाऱ्या क्लबाकडे जाऊ लागले, तेव्हा सप्टेंबर १८७९ मध्ये संघमालकांनी बफेलो येथे गुपचूप एक समझोता केला: प्रत्येक क्लबाने आपले पाच खेळाडू ‘राखीव’ म्हणून घोषित करावेत आणि त्यांना इतर कोणी घेऊ नये. मराठीत ‘राखीव’ म्हटले की आपल्याला जंगल आठवते, रेल्वेचा डबा आठवतो. त्या शब्दातला कुंपणाचा भाव येथे तंतोतंत लागू पडतो. पाचाचे पुढे अकरा झाले, आणि मग जवळजवळ सगळाच संघ कुंपणाच्या आत आला. न्यूयॉर्कचा खेळाडू जॉन माँटगोमेरी वॉर्ड हा कोलंबिया विद्यापीठाचा कायद्याचा पदवीधर होता. त्याने १८८७ मध्ये ‘लिपिनकॉट’ मासिकात लेख लिहून बेसबॉलपटू ही जंगम मालमत्ता आहे काय, असा रोकडा प्रश्न शीर्षकातच विचारला. त्याच्या पुढाकाराने १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची लीगही काढली. ती एका हंगामात संपली.

आता ते वाक्य. विसाव्या शतकात प्रत्येक खेळाडू ज्या छापील करारनाम्यावर सही करी, त्यात एक कलम असे. त्याचा आशय असा, की पुढल्या हंगामासाठी खेळाडू आणि क्लब यांचे एकमत झाले नाही, तर क्लबाला हा करार एका वर्षासाठी, त्याच अटींवर, पुढे चालवता येईल. पगार मात्र क्लब ठरवील. वाचायला साधे. पण ‘त्याच अटींवर’ म्हणताना त्या अटींत हे कलम स्वतःही आले की नाही? आले असे मानले, तर वाढवलेला करार पुन्हा वाढवता येतो, तोही पुन्हा, आणि ‘एक वर्ष’ या शब्दांचा अर्थ होतो आयुष्यभर. आले नाही असे मानले, तर एक वर्ष म्हणजे बारा महिने आणि तेराव्या महिन्यात खेळाडू मोकळा. आरशासमोर आरसा धरावा तसे मालकांचे वाचन होते, आणि ते इतके रूढ झाले होते की दुसरे वाचन संभवते हेच बहुतेक खेळाडूंच्या ध्यानी आले नाही.

न्यायालयांनी या काळात काय केले? १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बाल्टिमोरच्या एका क्लबाने मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार मागितला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी एकमताचा निवाडा लिहिला, की बेसबॉलचे सामने हा त्या त्या राज्यातला स्थानिक प्रकार आहे. खेळाडू सीमा ओलांडून प्रवास करतात हे केवळ आनुषंगिक, आणि माणसाने अंगमेहनतीने केलेले प्रदर्शन म्हणजे व्यापार नव्हे. होम्स हे शैलीदार लेखक, पण येथे त्यांनी ‘व्यापार’ या शब्दाला फारच तोकडे कापड वापरले. १९५३ मध्ये न्यायालयाने हा निवाडा कायम केला. पुढे चारच वर्षांनी तेच न्यायालय फुटबॉलला अशी सूट नाही म्हणाले. बेसबॉलला आहे, फुटबॉलला नाही: कारण? बेसबॉलला ती आधी मिळाली होती.

कर्ट फ्लड हा सेंट लुई कार्डिनल्सचा मध्य क्षेत्ररक्षक, बारा वर्षे त्याच संघात, उत्तम क्षेत्ररक्षणाचे सात ‘गोल्ड ग्लव्ह’ मिळवलेला. ऑक्टोबर १९६९ मध्ये क्लबाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले, की आपल्या इच्छेविरुद्ध विकत घ्यावी-द्यावी अशी वस्तू आपण नाही, आणि इतर क्लबांनाही आपण उपलब्ध आहोत हे त्यांना कळवावे. फ्लड कृष्णवर्णीय होता आणि दक्षिणेतल्या छोट्या लीगमध्ये काय भोगावे लागते हे त्याने विशीच्या आत पाहिले होते. वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळवणाऱ्याला गुलाम कसे म्हणावे, असे टीव्हीवर विचारले असता भरपूर पगार मिळणारा गुलामही गुलामच, असे उत्तर त्याने दिले. त्या काळी हे उद्धट वाटले. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर हे पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले अर्थतज्ज्ञ. खटला जिंकण्याची आशा नाही आणि कारकीर्द नक्की संपेल, असे त्यांनी फ्लडला स्पष्ट सांगितले होते. दोन्ही खरे झाले. साक्षीला जॅकी रॉबिन्सन आला, हँक ग्रीनबर्ग आला. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात फिरकला नाही. आम्हांला या साऱ्या कथेत सर्वांत बोचते ते हे. पुढे कोट्यवधी डॉलर ज्यांच्या वाट्याला आले ते याच पिढीचे धाकटे भाऊ.

निवाडा १९ जून १९७२ रोजी आला, पाच विरुद्ध तीन, फ्लडच्या विरोधात. न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांचे ते निकालपत्र वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. त्याचा पहिला भाग म्हणजे बेसबॉलचे स्तोत्र आहे. होबोकेनच्या मैदानावर १९ जून १८४६ रोजी झालेल्या सामन्यापासून ते सुरू होते (निकाल वर्धापनदिनीच लागावा, हा योग गमतीचा), मग जुन्या खेळाडूंची नामावळी येते, अठ्ठ्याऐंशी नावांची, आणि ‘केसी अॅट द बॅट’ या लोकप्रिय कवितेलाही तळटीपेत जागा मिळते. बहुमतातल्या दोन न्यायमूर्तींनी, बर्गर आणि व्हाइट यांनी, निकालाला संमती दिली, पण या पहिल्या भागावर सही केली नाही. पुढच्या भागात ब्लॅकमन मान्य करतात, की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच आहे आणि ही सूट म्हणजे एक विसंगती आहे. तरीही ती इतकी जुनी आहे की ती दूर करायची तर संसदेने करावी! होम्स यांच्या निवाड्याचा पायाच खोटा ठरवून वरची इमारत जशीच्या तशी ठेवण्याचा हा प्रकार. प्रेमाने लिहिलेले गद्य विचारावर कसे झापड आणते याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांला दुसरे ठाऊक नाही. नामावळीतले कित्येक जण त्याच कलमाखाली खेळले होते.

जे सर्वोच्च न्यायालयाला जमले नाही ते एका लवादाने केले. संघटनेने १९७० च्या सामूहिक करारात तक्रारी त्रयस्थ लवादापुढे नेण्याची तरतूद मिळवली होती. मालकांना ती किरकोळ वाटली. १९७४ मध्ये ओकलंडच्या मालकाने कॅटफिश हंटर या पिचरच्या पगाराचा ठरलेला भाग विमा योजनेत भरला नाही, तेव्हा लवाद पीटर साइट्झ यांनी करारभंग झाल्याचे सांगून त्याला मोकळे केले. वर्षअखेरीस यांकीजने त्याला पाच वर्षांसाठी तीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. मोकळ्या खेळाडूची किंमत काय असते हे सर्वांना प्रथमच दिसले.

दुसऱ्या वर्षी अँडी मेसरस्मिथ हा डॉजर्सचा पिचर करारावर सही न करता पूर्ण हंगाम खेळला. त्याला मुळात स्वातंत्र्य नको होते. आपल्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या संघाला देऊ नये, एवढी अट हवी होती. डेव्ह मॅकनॅली हा दुसरा अर्जदार जूनमध्येच खेळ सोडून माँटानात घरी गेला होता. मेसरस्मिथ ऐनवेळी फुटला तर खटला उभा राहावा म्हणून त्याने आपले नाव दिले. साइट्झ यांनी दोन्ही पक्षांना आपसांत मिटवण्याची विनंती केली. मालक हटून बसले. २३ डिसेंबर १९७५ रोजी निर्णय आला: करार एक वर्ष वाढवता येतो असे कलम म्हणते, वाढवण्याचा हक्कही वाढतो असे ते कुठेही म्हणत नाही, तसे हवे असल्यास स्पष्ट लिहायला हवे होते. आपण लिंकन नव्हे, येथे गुलामगिरीचा प्रश्नही नाही, आपण फक्त करार वाचला, असे साइट्झ यांचे म्हणणे होते. मालकांनी त्यांना तत्काळ पदावरून काढले आणि न्यायालयात धाव घेतली, तेथेही हरले. फ्लडने मोठा शब्द उच्चारला आणि तो हरला. साइट्झ यांनी मोठा शब्द कटाक्षाने टाळला आणि कुंपण पडले.

पुढचा इतिहास पैशाचा आहे आणि तो बराचसा ठाऊक असतो, म्हणून धावताच सांगतो. सगळेच खेळाडू दरवर्षी मोकळे होऊ द्या, असे ओकलंडचे मालक चार्ली फिनली म्हणत होते. बाजार भरून वाहील आणि भाव पडतील हे त्या विक्षिप्त गृहस्थाला कळले होते, आणि तेच होईल की काय अशी मिलर यांना धास्ती होती. इतर मालकांनी फिनलीचे ऐकले नाही. १९७६ च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर मुक्ती असे ठरले, म्हणजे मोकळा माल थोडा आणि गिऱ्हाईक पुष्कळ. सरासरी पगार १९७६ मध्ये ५१ हजार डॉलरांच्या आसपास होता, १९८० मध्ये १ लाख ४० हजारांच्या पुढे, १९९२ मध्ये दहा लाखांवर.

मधल्या काळात मालकांनी जुने कुंपण कागदाशिवाय उभारून पाहिले. १९८५ ते १९८७ या तीन हिवाळ्यांत मोकळ्या खेळाडूंना बोली लागेनाशीच झाली. आंद्रे डॉसनचा एजंट डिक मॉस याने, जो मेसरस्मिथच्या वेळी संघटनेचा वकील होता, शिकागो कब्जपुढे सही केलेला कोरा करार ठेवला: आकडा तुम्ही भरा. त्यांनी पाच लाख भरला. डॉसन त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेही गटात तळाला राहिलेल्या संघातून. संगनमत सिद्ध होऊन मालकांना २८ कोटी डॉलर मोजावे लागले. १९९४ मध्ये पगारांवर कमाल मर्यादा घालण्याच्या हट्टापायी संप झाला आणि वर्ल्ड सीरिजच रद्द झाली. मर्यादा आली नाही, ठरावीक पगारपत्रकापलीकडे जाणाऱ्या संघांवर कर मात्र आला.

डिसेंबर २००० मध्ये अॅलेक्स रॉड्रिगेझला टेक्सास रेंजर्सने दहा वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलर दिले. मालकाने सारा संघ दोनच वर्षांपूर्वी सुमारे २५ कोटींना घेतला होता. २००२ मध्ये यांकीजचे पगारपत्रक साडेबारा कोटींच्या घरात आणि ओकलंडचे चार कोटींच्या आसपास, तरी दोघांनीही १०३ सामने जिंकले. मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ने (२००३) ही किमया आकडेशास्त्राची म्हणून गाजवली. ते पुस्तक आम्हांला आवडते. पण झिटो, हडसन, मल्डर हे ओकलंडचे तीन पिचर आणि तेहादा हा त्यांचा शॉर्टस्टॉप तेव्हा सहा वर्षांच्या आतले होते, ही गोष्ट त्याच्या वाचकांच्या लक्षात क्वचितच राहते. स्वस्त संघाच्या पराक्रमात शास्त्राइतकाच कुंपणाचा वाटा होता. आणि भल्या मोठ्या रकमेने विजय विकत मिळतोच असेही नाही: सोतोच्या पहिल्या हंगामात, २०२५ मध्ये, मेट्स बाद फेरीतही पोहोचले नाहीत. ओतानीचा करार तर पुन्हा वाचण्याचीच बाब. ७० कोटींपैकी ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी मिळायचे आहेत. दहा वर्षे तो वर्षाला २० लाख घेणार, आणि कराच्या हिशेबात त्याच कराराची किंमत वर्षाला ४ कोटी ६० लाखांच्या आसपास धरली जाते. एकाच कागदाचे हे तीन अर्थ, तिन्ही अधिकृत.

फ्लड १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळला आणि परदेशी निघून गेला. जानेवारी १९९७ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी संसदेने त्याच्या नावाचा कायदा केला आणि प्रमुख लीगच्या खेळाडूंच्या नोकरीपुरती बेसबॉलची सूट काढून घेतली; छोट्या लीगला त्यातून वगळले. १९७२ चा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने कधी फिरवला नाही, त्यामुळे ती नामावळी आजही कायद्याच्या ग्रंथांत छापलेली सापडते. ब्लॅकमन यांना त्या यादीबद्दल पुढे कित्येक वर्षे चुटपुट लागून राहिली होती. जायंट्सचा मेल ऑट हा त्यांचा आवडता खेळाडू, आणि त्याचे नाव लिहायचे राहून गेले होते.