राष्ट्राध्यक्षपदानंतरची सतरा वर्षे

राज्यकारभार सोडलेल्या पुरुषाने वानप्रस्थाची वाट धरावी, हा भारतातील जुना संकेत. सिंहासनावरून उतरलेला राजा पुन्हा मानकऱ्यांच्या रांगेत येऊन बसत नसे. लोकशाहीने मात्र एक नवाच पेच निर्माण केला. येथे राष्ट्रप्रमुखाच्या पदाला मुदत असते. पण मुदत संपली म्हणून त्या माणसाची बुद्धी, महत्त्वाकांक्षा किंवा लोकसेवेची हौस संपतेच असे नाही. अशा माणसाने पुढे काय करावे? आठवणी लिहाव्या, की पुन्हा आखाड्यात उतरावे?

स्वतंत्र भारतात हा पेच फार लवकर उभा राहिला. चक्रवर्ती राजगोपालाचारी १९४८ च्या जूनमध्ये गव्हर्नर जनरल झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाच्या स्थापनेबरोबर ते पदच लयास गेले. त्याच वर्षी राजाजी केंद्रात बिनखात्याचे मंत्री झाले, सरदार पटेलांच्या निधनानंतर त्यांनी गृहखाते सांभाळले, आणि १९५२ मध्ये ते मद्रासचे मुख्यमंत्री झाले. ज्या हातांनी देशाच्या सर्वोच्च पदाची मोहोर वापरली, त्याच हातांनी आता एका राज्याच्या फायली चाळावयाच्या! यात कमीपणा आहे असे राजाजींना वाटले नाही. शिक्षणयोजनेवरून उठलेल्या वादळात १९५४ मध्ये ते पद सोडावे लागले, तरी १९५९ मध्ये ऐंशीच्या घरात असताना त्यांनी स्वतंत्र पक्ष काढलाच.

परंतु या विषयातील सर्वांत विलक्षण चरित्र अमेरिकेच्या इतिहासात सापडते. तेथे क्लीव्हलंड १८८८ मध्ये हरले आणि १८९२ मध्ये पुन्हा अध्यक्ष झाले; थिओडोर रूझवेल्ट १९१२ मध्ये नवा पक्ष घेऊन उभे राहिले आणि पडले; ट्रंप २०२० मध्ये हरून २०२४ मध्ये परत आले. या सर्वांना हवे होते ते गेलेले पदच. जॉन क्विन्सी अॅडम्स यांची गोष्ट निराळी. ते खाली उतरले, आणि खालीच राहून मोठे झाले.

अॅडम्स हे दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. विद्वान, करारी, आणि लोकांत मिसळण्याच्या कलेत अगदी कच्चे. १८२४ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ व अॅडम्स यांना ८४ निर्वाचक-मते मिळाली. पण बहुमत कोणालाच नसल्याने निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि तेथे अॅडम्स निवडले गेले. हेन्री क्ले यांनी त्यांना पाठिंबा दिला व पुढे क्ले परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा सौदेबाजीचा आरोप झाला. तो डाग चार वर्षे पुसला गेला नाही. १८२८ मध्ये जॅक्सन यांनी त्यांचा १७८ विरुद्ध ८३ असा पराभव केला. नव्या अध्यक्षांच्या शपथविधीलाही अॅडम्स थांबले नाहीत. त्याच वसंतात थोरला मुलगा आगबोटीवरून समुद्रात पडून गेला. साठी ओलांडलेल्या माणसाला मोडण्यास एवढे पुरे होते.

१८३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ मतदारसंघाने त्यांना प्रतिनिधिगृहासाठी उभे राहण्याची विनंती केली. पत्नी व धाकटा मुलगा यांना ही कल्पना पसंत नव्हती. राष्ट्राध्यक्षाला वर्षाला २५,००० डॉलर मिळत. साध्या प्रतिनिधीला दिवसाला ८ डॉलर. (माजी अध्यक्षांना निवृत्तिवेतन देण्याचा कायदा १९५८ पर्यंत झालेला नव्हता, हेही येथे लक्षात ठेवावे.) लोकांची सेवा करण्यात कोणालाही कमीपणा येत नाही, असे अॅडम्स यांचे उत्तर होते; आणि निवडून आल्यावर, अध्यक्षपदाच्या विजयानेही आपल्याला याच्या निम्मे समाधान दिले नव्हते, अशा आशयाची नोंद त्यांनी रोजनिशीत केली.

डिसेंबर १८३१ मध्ये त्यांनी सभागृहात पंधरा विनंतिअर्ज सादर केले. राजधानीच्या प्रदेशातील गुलामगिरी व गुलामांचा व्यापार बंद करावा, असे पेनसिल्व्हेनियातील नागरिकांचे ते अर्ज होते. गंमत अशी की, तेथील गुलामगिरी रद्द करण्याच्या मागणीला आपला स्वतःचा पाठिंबा नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकले. ते चळवळे नव्हते. नागरिकाने अर्ज केला तर तो वाचला जावा, इतकाच त्यांचा आग्रह. त्यांना पुढे ढकलले ते दक्षिणेतील प्रतिनिधींनी. मे १८३६ मध्ये सभागृहाने ठराव केला की, गुलामगिरीविषयीचा कोणताही अर्ज न छापता, न चर्चिता बाजूला टाकावा. या मुखबंधनाने एका कायदेपंडिताचा झुंजार योद्धा केला.

त्यांची युद्धपद्धती पाहण्यासारखी होती. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्यांनी सभापतींना विचारले: बावीस गुलामांकडून आलेला एक अर्ज हाती आहे, तो नियमात बसतो काय? सभागृहात कल्लोळ उसळला. त्यांना हाकलावे, त्यांचा निषेध करावा, अशा मागण्या झाल्या. वादळ पुरते चढल्यावर अॅडम्स यांनी शांतपणे सांगितले की, अर्ज गुलामगिरीच्या विरुद्ध नाही, बाजूने आहे! १८४२ च्या जानेवारीत त्यांनी संघराज्य विसर्जित करण्याची मागणी करणारा एक अर्ज मांडला. तो मान्य करण्यासाठी नव्हे, तर त्याला नकाराची कारणे देणारे उत्तर द्यावे म्हणून. प्रतिपक्षाने निषेधाचा ठराव आणला आणि तेथेच घोडचूक केली. कारण आरोपीला बचावाचा हक्क असतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या अॅडम्स यांनी आधी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचावयास लावला आणि मग, ज्या विषयावर बोलण्यास बंदी होती, त्यावरच ते दिवसचे दिवस बोलत राहिले. अखेर १०६ विरुद्ध ९३ मतांनी तो ठराव बासनात गुंडाळला गेला.

मधल्या काळात, १८४१ मध्ये, ‘अमिस्ताद’ जहाजावर बंड केलेल्या आफ्रिकी बंदिवानांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली आणि ते मुक्त झाले. ३ डिसेंबर १८४४ रोजी, आठ वर्षांच्या झुंजीनंतर, मुखबंधनाचा नियम १०८ विरुद्ध ८० मतांनी रद्द झाला. जो अध्यक्ष असताना आपली एकही मोठी योजना काँग्रेसकडून पुरी करवून घेऊ शकला नाही, त्याने साधा सभासद म्हणून हे घडविले. अध्यक्षाला सर्वांना राजी राखावे लागते. अॅडम्स यांना ते कधीच जमले नव्हते. एका मतदारसंघाच्या प्रतिनिधीला ती गरज नव्हती, आणि त्यांचा हट्टीपणा, जो राष्ट्राध्यक्षपदी दोष ठरला होता, येथे कामास आला.

प्लिमथ व परिसरातील मतदारांनी त्यांना नऊ वेळा निवडून दिले. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी मेक्सिकोच्या युद्धातील सेनाधिकाऱ्यांच्या गौरवाचा ठराव आला असता अॅडम्स यांनी विरोधी मत नोंदविले आणि थोड्याच वेळात ते आपल्या जागेवरच कोसळले. त्यांना सभापतींच्या दालनात नेण्यात आले. तेथून हलविणे शक्यच नव्हते. दोन दिवसांनी, ऐंशीव्या वर्षी, त्याच इमारतीत त्यांनी देह ठेवला. त्या सभागृहात इलिनॉयहून आलेला एक नवखा सभासद होता, त्याचे नाव अब्राहम लिंकन. अॅडम्स यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर त्याच वर्षी शिक्षणसुधारक होरेस मान निवडून आले.