गुपिते राखणाऱ्या चिपची घडण : मुंबई, पुणे, मोहाली

१९६२ च्या चीन युद्धानंतर लष्करी इलेक्ट्रॉनिक्समधले भारताचे परावलंबन दिल्लीला खुपू लागले. ऑगस्ट १९६३ मध्ये केंद्र सरकारने डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६६ मध्ये तिचा अहवाल आला, तेव्हा भाभा हयात नव्हते. पुढे १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि १९७१ मध्ये आयोग स्थापन झाला. आयोगाचे अध्यक्षपद मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक एम. जी. के. मेनन यांच्याकडे गेले. सरकारी पैशावर चाललेल्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधनाचे एक केंद्र असे सुरुवातीपासून मुंबईत होते. टाटा संस्थेतच १९७७ मध्ये सूक्ष्मतरंग उपकरणांचा एक विभाग निघाला आणि १९८४ मध्ये त्यातून 'समीर' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय पवईला, आयआयटीच्या आवारात आहे.

चिप घडवण्याचा कारखाना मात्र पंजाबात, मोहालीला गेला. तिथल्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ ला उत्पादन सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८९ मधल्या आगीत ते बंद पडले. चिपसाठी देश परक्यांवर किती अवलंबून होता, ते पुण्यात दिसते. अमेरिकेने महासंगणक देताना हात आखडल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संशोधन संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या चमूने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. जोडणी आपली, आज्ञावली आपली. पण आतल्या ट्रान्सप्युटर चिपा ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या!

परक्याने घडवलेल्या चिपमध्ये चोरवाट ठेवली असेल, तर ती वापरणाऱ्याला सहसा सापडत नाही. सांकेतिक संदेशांची किल्ली जिच्यात साठवायची, ती चिप घरची हवी, हा आग्रह त्यातून आला. २००६ मध्ये केंद्राच्या निधीतून आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रे सुरू झाली. २०१९ मध्ये पवईच्या 'अजित' प्रोसेसरची चिप मोहालीच्या पुन्हा सुरू झालेल्या कारखान्यात तयार झाली. २०२१ मध्ये आयआयटी मुंबईचे प्रा. उदयन गांगुली यांच्या चमूने मोहालीच्या सोबतीने एकदाच लिहिता येणारी स्मृती उत्पादनायोग्य केली. अणूंच्या मोजक्या थरांइतका पातळ सिलिकाचा पडदा विजेच्या दाबाने कायमचा फोडायचा. फुटला तर एक अंक, शाबूत राहिला तर दुसरा. फुटलेला पडदा पुन्हा सांधत नाही, म्हणून लिहिलेले पुसता येत नाही. यंत्रातल्या सांकेतिकीकरणासाठी आयआयटी दिल्ली, चेन्नईची 'सेट्स' ही संस्था आणि डीआरडीओ या चमूच्या जोडीला होते.

या चिपा १८० नॅनोमीटर तंत्राच्या आहेत. मोबाइलच्या बाजारात हे तंत्र कधीच मागे पडले. किल्ली जपण्याच्या कामी मात्र वेगापेक्षा चिप कुणाच्या भट्टीत घडली हे आधी पाहावे लागते, आणि तेवढ्यासाठी मोहालीचे जुने तंत्र पुरेसे आहे.